चार तऱ्हांचं अडीच

जुलैतला तास. बाहेर पाऊस, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. मी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ३.७ आणि ३.१२, आणि सातवीच्या वर्गाला विचारलं, यातली मोठी कोणती? निम्म्याहून जास्त हात ३.१२ साठी वर गेले. ही चूक मला नवी नाही. दरवर्षी जुलैत ती न चुकता भेटते. मी विचारलं, "का?" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बारा साताहून मोठे, म्हणून." मग जरा थांबून तिनं पुरावाच दिला. "बाई, आईच्या बांगड्या दोन-आठच्या आहेत आणि मावशीच्या दोन-दहाच्या. मावशीचा हात जाड आहे."

आता यावर काय बोलणार? बांगड्यांपुरती ती बरोबर होती. कासाराकडच्या खोक्यांवर २.४, २.६, २.८, २.१० असे आकडे छापलेले असतात. मधला ठिपका दिसतो दशांश चिन्हासारखा, पण तिथे इंचाचे सोळा भाग धरलेले असतात. २.४ म्हणजे दोन इंच आणि सोळातले चार भाग, आतला व्यास सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच इंच. जुन्या बायका कासाराला 'अडीचची दाखव' असं सांगतात, ते अगदी चोख गणित आहे. आणि २.१० ची बांगडी २.८ पेक्षा खरोखरच तीनेक मिलिमीटरनं मोठी असते.

मागच्या बाकांवरून लगेच क्रिकेट आलं. १९.५ षटकांनंतर एक चेंडू टाकला की २० होतात, १९.६ कधी दिसत नाही. म्हणजे तिथे सहा झाले की पुढचा पूर्ण. मी फळ्यावर रकाने आखले आणि एकच प्रश्न वर लिहिला: ठिपक्यानंतर किती झाले की पुढचा पूर्ण होतो? षटकात सहा, बांगडीत सोळा, दशांशात दहा. कुणीतरी घड्याळ सुचवलं, तिथे साठ. तास संपेपर्यंत फळ्यावर 'अडीच' चार तऱ्हांनी लिहून झालं होतं. दशांशात २.५, षटकांत २.३, बांगडीत २.८ आणि घड्याळात २.३०. शंभर धावा १२.३ षटकांत झाल्या तर धावगती किती, हा हिशेब दोन मुलांनी न सांगता केला. एकानं १०० ला १२.३ नं भागलं, दुसऱ्यानं १२.५ नं. दुसऱ्याचं उत्तर नेमकं ८ आलं आणि पहिल्याला भागाकार अर्धवट टाकून कळलं की आपण कुठे फसलो.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, त्या संध्याकाळी एका आईचा निरोप आला: "बाई, पोरगं सांगतंय आज गणितात बांगड्या शिकवल्या. अभ्यासक्रम पूर्ण होणार ना?" प्रश्न रास्त आहे. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाच्या तासाला नेमकं काय चालतं, त्याची नोंद कशी होते आणि घरी जे पोहोचतं ते कसं वाचायचं, हे आम्ही शिक्षक क्वचितच नीट सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी सातवीला हे दोन विषय शिकवते, तेव्हा माझ्याच वर्गावरून सांगते.

दोन्ही विषय एकाच बाईंकडे का, असं पालकसभेत हटकून कुणीतरी विचारतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित मिळून एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक, असे किमान विषयशिक्षक सांगितले आहेत. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षाला २२० कामाचे दिवस आणि अध्यापनाचे १००० तास, हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. एकच शिक्षक असण्याचा फायदा वरच्या गोष्टीत दिसलाच. बांगडी गणितात आली, मग विज्ञानात मापनाच्या धड्याला तीच परत आली, आणि दिवाळीनंतर 'वर्तुळ' प्रकरणाला तिसऱ्यांदा येईल. तोटा असा की ती बाई आजारी पडली की दोन विषय आजारी पडतात.

दशांशाचा गोंधळ सोडवायला एक हमखास युक्ती आहे. ३.७ च्या पुढे शून्य लावा, ३.७० झालं, आता ७० आणि १२ यांत मोठं कोण ते बघा. शिकवणीत हीच सांगतात आणि उत्तर बरोबर येतं. मी ती पहिल्या दिवशी देत नाही. त्या युक्तीनं मुलाच्या डोक्यातला 'ठिपक्यानंतरचा आकडा ही वेगळी पूर्ण संख्या' हा समज जिथल्या तिथे राहतो, फक्त झाकला जातो. आधी मीटरची टेप जमिनीवर पसरायची. तीन मीटरच्या पुढे सात दशांश कुठे येतात तिथे एकानं उभं राहायचं आणि एक दशांश दोन शतांश कुठे येतात तिथे दुसऱ्यानं. दोघांत अठ्ठावन्न सेंटिमीटरचं अंतर पडतं आणि वाद मिटतो. त्यानंतर बोलण्याची सवय बदलायची. 'तीन पॉइंट बारा' म्हटलं की बारा कानात बसतात. 'तीन दशांश चिन्ह एक दोन' म्हणायला जीभ जड होते, पण कान फसत नाही. घरी एवढं एक पाळलंत तरी माझे दोन तास वाचतात.

दुसरी गोष्ट ऋण संख्यांची, आणि इथे घरची मदतच आडवी येते. बालभारतीच्या २०१७ च्या सातवीच्या गणितात 'पूर्णांक संख्यांचे गुणाकार व भागाकार' हे प्रकरण सुरुवातीलाच आहे. त्यात दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, हा मुलांच्या आयुष्यातला पहिला खरा बीजगणिती धक्का असतो. तास असा चालतो. फळ्यावर एकाखाली एक लिहायचं: (−५) × ३ = −१५, (−५) × २ = −१०, (−५) × १ = −५, (−५) × ० = ०. मग खडू खाली ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं. मिनिटभरात कुणीतरी म्हणतंच, "बाई, दरवेळी पाच वाढतायत." मग पुढची ओळ मुलं स्वतः लिहितात, (−५) × (−१) = ५. त्यानंतर उधारीची गोष्ट. दुकानातली उधारी रोज पाच रुपयांनी वाढतेय, तर दोन दिवसांपूर्वी तुम्ही आजच्यापेक्षा किती बऱ्या स्थितीत होता? दहा रुपयांनी. दिवस −२, रोजचा बदल −५, उत्तर +१०.

हे होण्याआधीच घरून एक मंत्र येतो: मायनस मायनस प्लस. बाबांनी सांगितलेला, दादानं सांगितलेला, शिकवणीत घोकलेला. आणि मग वहीत उगवतं: −३ − ५ = ८. दोन मायनस दिसले, प्लस केले. मुलानं नियम इमानदारीनं पाळलेला असतो, पण तो गुणाकाराचा नियम होता आणि गणित वजाबाकीचं. तीन रुपये उधारी होती, आणखी पाचांचा माल उधार आणला, तर दुकानदार आठ रुपये हातावर ठेवेल का, असं विचारलं की वर्ग हसतो. पण हसणाऱ्यांतलेच काही जण पुढच्या पानावर तेच करतात. मंत्र एकदा कानात गेला की गोष्टीला जुमानत नाही. म्हणून या प्रकरणाच्या आधी घरी निरोप जातो: दोन आठवडे हा नियम सांगू नका, मुलं तो स्वतः काढतील. पाळणारे थोडेच. एका आजोबांनी तर कळवलं, "आम्हाला असंच शिकवलं, आमचं काही बिघडलं नाही." त्यांचा नातू वर्गात सगळ्यात शेवटी सुधारला.

वहीबद्दल थोडं. माझ्या तासाला खोडरबर बंद आहे. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं, म्हणजे पहिला विचार दिसत राहतो. वही तपासताना लाल फुलीऐवजी मी समासात अक्षर लिहिते. 'आ' म्हणजे आकडेमोड चुकली, रीत बरोबर. 'भा' म्हणजे भाषा, गणित वाचताना घसरलं. 'क' म्हणजे कल्पनाच गडबडली. आकडेमोडीची चूक घाईनं होते, ती सरावानं जाते, तिच्यासाठी मुलाला फार बोलू नये. भाषेची चूक पालकांना सहसा ओळखू येत नाही. उदाहरणार्थ, ताईकडे भावापेक्षा पाच रुपये जास्त आहेत, ताईकडे वीस आहेत, तर भावाकडे किती? 'जास्त' शब्द दिसला की मूल बेरीज करतं, उत्तर पंचवीस. याला बेरीज-वजाबाकी येत नाही असं समजून घरी आणखी वीस गणितं दिली जातात. पोराला बेरीज उत्तम येते. त्याला 'पेक्षा' वाचता येत नाही, आणि त्यावर उपाय गणिताच्या वहीत नसून मोठ्यानं वाचून चित्र काढण्यात आहे. 'क' दिसला तर मात्र घरी काही करू नका, ते माझं काम आहे. समासात अक्षरं भरलेली वही बघून घाबरून जाऊ नये. सगळी 'बरोबर' असलेली स्वच्छ वही मी जरा संशयानंच बघते, कारण ती बरेचदा शेजारच्या बाकावरून आलेली असते.

आता विज्ञान. पुस्तकात 'करून पहा' असं शीर्षक आलं की पूर्वी मी ते वाचून दाखवायचे. प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद, किल्ली मुख्याध्यापकांकडे, तास पस्तीस मिनिटांचा. हळूहळू लक्षात आलं की सातवीच्या बहुतेक प्रयोगांना कपाट लागतच नाही.

उष्णतेचा धडा मी मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत घेते. सकाळी वर्ग भरला की मुलांना बाकाच्या लोखंडी पायाला हात लावायला सांगायचं, मग लाकडी फळीला. थंड काय? लोखंड, एकमतानं. मग वहीत अंदाज लिहायचा, पेनानं, म्हणजे बदलता येत नाही: लोखंडाचं तापमान फळीपेक्षा किती अंशांनी कमी असेल? कुणी पाच लिहितं, कुणी दहा. मग दोन तापमापी घेऊन एक पायाला आणि एक फळीला चिकटपट्टीनं चिकटवायचा आणि दहा मिनिटं दुसरं काम करायचं. गेल्या जानेवारीत दोन्हीकडे १९ अंश सेल्सिअस आले. वर्गात गोंधळ. तापमापी बिघडलाय, असा पहिला आरोप. अदलाबदल केली, आकडा तोच. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत होत्या, त्यांचं तापमान वेगळं असायचं कारणच नव्हतं. वेगळं आहे ते आपल्या हातातून उष्णता निघून जाण्याची गती. लोखंड ती भराभर ओढून नेतं, लाकूड रेंगाळत नेतं, आणि कातडीला कळतो तो हा वेग. एका मुलानं उलटं विचारलं, "मग उन्हाळ्यात लोखंड जास्त चटका का देतं?" त्याचा मामा नागपूरला असतो. तिथे मे महिन्यात तापमान पंचेचाळीसच्या आसपास जातं, म्हणजे हातापेक्षा बाक गरम, आणि आता उष्णता उलट्या दिशेनं, बाकाकडून हाताकडे, तितक्याच भराभर येते. थंडीतला गारठा आणि उन्हाळ्यातला चटका यांचं कारण एकच.

दुसऱ्या दिवशी स्वेटर. आपण 'गरम कपडे' म्हणतो आणि भाषा मुलांच्या मनात शिरते: स्वेटर गरम असतो. तापमापी स्वेटरमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवला, दुसरा शेजारी उघडा. तास संपताना दोन्हींत सारखाच आकडा. सगळे चेहरे पडले. तेव्हा मागून आवाज आला, "बाई, स्वेटर घालणारं आत कुणी नाही ना!" एवढ्या एका वाक्यात धडा संपला. स्वेटर उष्णता तयार करत नाही, आतल्याची बाहेर जाऊ देत नाही. मग मी विचारलं, स्वेटरमध्ये बर्फ गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? 'लवकर' म्हणणारे अजूनही बरेच होते. त्याचं उत्तर मी दिलं नाही, ते घरी पाठवलं. त्याकडे येतेच.

पुस्तकातला धड्यांचा क्रम मी का मोडते, हेही पालक विचारतात. स्थितिक विद्युतचा धडा जुलैत घेऊन एकदा मी पुरती फजिती करून घेतली. कंगवा केसांवर घासायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा, कपटे उडी मारून चिकटतात, असं सांगून बसले आणि एकही कपटा हलला नाही. पावसाळी हवेत बाष्प भरपूर, कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि जमलेला प्रभार त्यातून निसटून जातो. शिवाय मुलींच्या केसांना खोबरेल तेल. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हाच प्रयोग पहिल्या फटक्यात होतो, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तोही त्याचाच. तेव्हा शेजारच्या तुकडीत पाचवं प्रकरण चालू आहे आणि आमच्याकडे सातवं, म्हणजे कुणी मागं पडलं असं नव्हे.

आता ज्याची सगळे वाट बघतात ते, गुण. महाराष्ट्रात २०१० नंतर पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला प्रत्येक सत्रात प्रत्येक विषयाचे १०० गुण असे बनतात: आकारिक ४०, संकलित ६०. पाचवी-सहावीला हेच पन्नास-पन्नास असतं, म्हणून सहावीतून सातवीत आलेल्या मुलाचे गुण एकदम घसरल्यासारखे दिसतात. बरेचदा मूल तेच असतं, लेखी परीक्षेचा वाटा वाढलेला असतो. संकलितच्या ६० मध्ये ५० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आकारिकचे गुण वर्षभर साठत जातात, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय अशा साधनांतून. वर सांगितलेला बाकाच्या पायाचा अंदाज याच खात्यात जातो, आणि अंदाज चुकला म्हणून मी गुण कापत नाही. कारण लिहिलं का आणि नंतर स्वतःचा अंदाज तपासला का, ते बघते.

प्रगतीपत्रकात शेवटी श्रेणी उतरते. ९१ आणि त्यावर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असं खाली जात. एकाच वर्गात ब-१ मिळालेली दोन मुलं घ्या. एकाला भूमिती झकास येते आणि ऋण संख्यांत तो हरवतो, दुसऱ्याचं नेमकं उलट. कागदावर दोघं जुळे. हा फरक सांगायला श्रेणीशेजारी वर्णनात्मक नोंदीची जागा ठेवलेली आहे, आणि आमच्या व्यवसायाची सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट तिथेच आहे. 'गणितातील क्रिया अचूक करतो', 'प्रयोगात रुची घेते' अशा तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत फिरत असतात आणि एप्रिलच्या घाईत त्या उतरवल्या जातात. मीही उतरवल्या आहेत. एका वर्षी एका मुलाच्या नोंदीत 'रुची घेते' गेलं, तेव्हा त्याच्या आईनं पालकसभेत ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. आता मी वर्षभर एक छोटी वही जवळ ठेवते, प्रत्येक मुलाला एक पान, आणि तारीख घालून एकेक ओळ टिपते. एप्रिलमध्ये ती पानंच कामाला येतात. तुमच्या पाल्याची नोंद वाचून ती त्याचीच आहे की कुणाचीही असू शकते, असा प्रश्न पडला तर बाईंना जरूर विचारा. शिक्षक रागावले तर रागावू देत.

सहावी-सातवीत मुलं पुढे जातातच, आठवीत मात्र गणित बदलतं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणून सातवीतला 'क' शेरा आठवीपर्यंत साठवू नये.

राहिला घरी जाणारा निरोप. वर्गाचा व्हॉट्सअॅप गट आहेच. सुरुवातीला मी लिहायचे, 'प्रकरण पूर्ण. सरावसंच घरून सोडवून आणणे.' खाली तीस जोडलेले हात यायचे. एका मे महिन्यात जुने निरोप चाळताना कळलं की मी वर्षभर पुस्तकाची बातमी देत होते. मग सुधारायच्या भरात एक मोठी चूक केली. −३ − ५ = ८ लिहिलेल्या वहीचा फोटो नाव झाकून गटात टाकला, चूक कशी होते ते सगळ्यांना कळावं म्हणून. नाव झाकलं, अक्षर कसं झाकणार? संध्याकाळपर्यंत वही कुणाची ते वाडीभर झालं होतं. ते पोर पुढचे आठ दिवस माझ्याकडे बघत नव्हतं. तेव्हापासून गटात फक्त वर्गाची गोष्ट जाते, एकेकट्या मुलाची गोष्ट त्याच्याच घरी, आणि तीही शक्यतो फोनवर.

आता शुक्रवारी चार-पाच ओळी जातात. नमुना देते: 'या आठवड्यात: गरम-गार स्पर्शावरून ओळखता येतं का, हे तपासलं. वर्गातला नेहमीचा गैरसमज: स्वेटर गरम असतो. घरी करा: सारख्या आकाराचे दोन बर्फाचे तुकडे घ्या, एक ताटलीत, दुसरा लोकरी मोज्यात. आधी अंदाज विचारा. उत्तर सांगू नका. ताप बघायचा तापमापी यासाठी वापरू नका, तो माणसाच्या तापापुरताच असतो.' शेवटची ओळ अनुभवातून आलेली आहे, त्याबद्दल अधिक विचारू नका.

सेमी-इंग्लिशची एक वेगळीच अडचण. आईला लसावि-मसावि पाठ, मुलगा म्हणतो एलसीएम-एचसीएफ, आणि दोघं एकाच गणितावरून भांडतात. मुलगी आजोबांना सांगते, "चाळीस किलो हे वजन नाही, मास आहे," आणि आजोबा विचारतात, "मग वाण्याला मास दे म्हणू का?" तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. किलोग्रॅममध्ये मोजतात ते वस्तुमान, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्याला ज्या बलानं ओढते ते, न्यूटनमध्ये, चाळीस किलोला साधारण ३९२. पण वाण्याशी वाद घालायची गरज नाही, हेही मी वर्गात सांगते. निरोपात मी आता दोन्ही शब्द लिहिते, लसावि आणि एलसीएम शेजारी-शेजारी. सगळ्यात उपयोगी बदल हाच ठरला, असं पालकांकडूनच ऐकलं.

बर्फाच्या त्या शुक्रवारी उत्तरं रात्री यायला लागली. मोज्यातला बर्फ जास्त टिकला. एका घरी मोजा लोकरी नव्हता, सुती होता आणि भिजून चिंब झाला, तिथे फरक कळला नाही. एका वडिलांनी लिहिलं की पूर्वी बर्फवाला लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात घालून आणायचा, ते आत्ता समजलं. एकीनं मोज्याचा फोटो पाठवला, खाली सासूबाईंची तक्रार: मोजा धुतलेला होता का?

सगळ्यात शेवटी एका आजीबाईंचा आवाजी निरोप आला, नातवाच्या फोनवरून. "बाई, लोकरीत गार ते गार राहतं, हे पटलं. पण मी माठाला ओलं फडकं गुंडाळते. ते काही लोकर नाही, पातळ धडुतं आहे. कोरडं झालं की पाणी गार होत नाही, ओलं असलं की होतं. मग गार कोण करतंय, फडकं की पाणी?"

सोमवारी फळ्यावर मी तोच प्रश्न लिहिला आणि खडू खाली ठेवला.